फौजीची दुसरी नोकरी डिस्चार्जच्या दोन वर्षे आधी सुरू होते

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

माजी सैनिकांच्या रोजगार मेळाव्याची बातमी येते तेव्हा फोटोत मंडप, पाहुणे आणि लांबलचक रांग असते. त्या रांगेतल्या बहुतेकांच्या हाती शेवटी सिक्युरिटीची बारा तासांची ड्यूटीच लागते, हे बातमीत येत नाही. देशभरात दरवर्षी साधारण साठ हजार जण सेनादलांतून बाहेर पडतात. फौज तरुण राहावी म्हणून जवानाला पस्तिशी-चाळिशीतच घरी पाठवतात. त्या वयात मुले शाळेत असतात, घराचा हप्ता चालू असतो आणि आई-वडील थकलेले असतात. पेन्शनवर किराणा निघतो, मुलाच्या इंजिनीअरिंगची फी निघत नाही. सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर या पट्ट्यात तर हा घराघरांतला प्रश्न आहे.

सवलती नाहीत अशी तक्रार करायला जागा नाही. केंद्राच्या नोकऱ्यांत गट क मध्ये १० टक्के आणि गट ड मध्ये २० टक्के जागा माजी सैनिकांना आहेत. सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत हेच प्रमाण १४.५ आणि २४.५ टक्के आहे. त्यातले साडेचार टक्के युद्धात अपंगत्व आलेले सैनिक आणि शहिदांचे अवलंबित यांच्यासाठी. महाराष्ट्र शासनाच्या गट क व ड पदांत १५ टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच राखलेल्या जागा, आहे. पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे फौजींच्या तोंडी डीजीआर, जवानांना शेवटच्या वर्षात फुकट कोर्स देते. अधिकाऱ्यांना शुल्काचा ४० टक्के वाटा स्वतः उचलावा लागतो.

आणि तरी जून २०२१ अखेरची डीजीआरची आकडेवारी पाहिली तर माहिती देणाऱ्या केंद्रीय खात्यांत गट क मधले माजी सैनिक दीड टक्काही नव्हते. सरकारी बँकांत मात्र ते नऊ टक्क्यांच्या वर होते, आणि शिपाई-आर्म्ड गार्ड वर्गात वीसच्या पुढे. हा फरक देशप्रेमातला नव्हे. बंदूक हाताळणारा गार्ड बँकेला हवाच असतो आणि ते काम फौजीला आल्या दिवसापासून जमते. बाकी ठिकाणी मध्ये परीक्षा आणि कागद उभे राहतात. समांतर आरक्षणातल्या न भरलेल्या जागा पुढच्या वर्षी ओढल्या जात नाहीत, त्या त्याच प्रवर्गातल्या इतर उमेदवारांकडे जातात. त्यामुळे पात्र माणूस वेळेवर उभा राहिला नाही तर जागा गेली ती गेलीच.

वेळेवर म्हणजे कधी, इथेच सगळे अडते. आपल्याकडची समजूत अशी की पेन्शन घेऊन आल्यावर सहा महिने घरी राहायचे, शेतीचे बघायचे, मग नोकरी शोधायची. नियम उलट्या बाजूने लिहिलेले आहेत. केंद्राच्या भरतीत, सेवा संपायला एक वर्ष राहिलेला जवान नोकरीत असतानाच माजी सैनिक कोट्यातून अर्ज करू शकतो. त्यासाठी युनिटच्या कमांडिंग ऑफिसरचे जाहिरातीतल्या नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. डीजीआरचा कोर्सही शेवटच्या वर्षातच असतो. म्हणजे तयारीचे वर्ष त्याच्याही आधीचे. बँक क्लार्कची पूर्वपरीक्षा म्हणजे तासाभरात शंभर प्रश्न, इंग्रजी, अंकगणित आणि रिझनिंगला प्रत्येकी वीस मिनिटे, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. ज्याने शेवटचा लेखी पेपर पंधरा वर्षांपूर्वी दिला, त्याला विषय जड जात नाहीत, वेग जड जातो. घड्याळ लावून रोज एक पेपर, असे वर्षभर केले तर हा वेग येतो. तीन महिन्यांच्या क्लासने येत नाही.

आता कागद. महाराष्ट्रातल्या जवानाची एक खास अडचण सांगतो. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. भरतीच्या वेळी तेच नाव फौजेच्या दप्तरी गेले. आधार आणि पॅनवर नाव आधी, आडनाव शेवटी. कुठे वडिलांच्या नावाला ‘राव’ जोडलेला, कुठे गाळलेला. बायकोचे माहेरचे नाव सर्व्हिस रेकॉर्डमध्ये, सासरचे आधारवर. नोकरीत असताना ही दुरुस्ती पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटनेच काढलेल्या नोंदीच्या आदेशाने, होते, क्लार्क समोर बसलेला असतो. डिस्चार्जनंतर तीच दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसशी, म्हणजे सैनिकांचे दप्तर सांभाळणाऱ्या कार्यालयाशी, पत्रव्यवहार करून करावी लागते, आणि ते ऑफिस मराठा लाइट इन्फंट्रीवाल्याचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिकरोडला, सिग्नलवाल्याचे थेट जबलपूरला. तोवर भरतीची कागदपत्र पडताळणी उरकलेली असते. लेखी परीक्षेत पास झालेली माणसे या एका कारणाने बाहेर पडतात.

डिस्चार्ज बुकातला ‘ट्रेड’चा, म्हणजे फौजेतल्या कामाचा, रकाना बघा. तिथे इंग्रजीत तीन-चार अक्षरांचा संक्षेप असतो, खाली श्रेणी, कोर्सची नावे, तीही संक्षेपातच. कारखान्यातल्या भरती विभागातल्या पंचविशीच्या मुलीला त्यातून काय कळणार? तिच्यासमोर ‘गनर’ लिहिलेला माणूस म्हणजे तोफ चालवणारा, बस्स. त्याने बारा वर्षे सर्व्हे पार्टीत कोन आणि अंतरे मोजली, टोटल स्टेशन हे मोजणीचे इलेक्ट्रॉनिक यंत्र हाताळले, हे त्या रकान्यात नाही. म्हणून डिस्चार्जच्या आधी युनिटकडून साध्या इंग्रजीत अनुभवपत्र घ्यावे: कोणती यंत्रे, किती वर्षे, हाताखाली किती माणसे, कोणत्या मूल्याच्या सामानाचा हिशेब. स्टोअरकीपर असेल तर इन्व्हेंटरीचे कोणते सॉफ्टवेअर वापरले तेही. गोपनीय काही लिहायचे नाही, गरजही नाही.

पदवीचा मुद्दाही नीट समजून घेतला जात नाही. दहावी झालेल्या आणि किमान १५ वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला, जिथे पदवी ही किमान अट आहे पण तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता लागत नाही अशा गट क पदांसाठी, पदवीधरासमान धरले जाते. म्हणजे क्लार्कला चालेल. अकाउंट्समधल्या पदासाठी बी.कॉम. मागितले असेल तर चालणार नाही. खासगी कंपनीवर हा नियम बंधनकारक नाही. तेव्हा मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरीत असतानाच पुरी करावी, समकक्षतेच्या भरवशावर राहू नये. वयाचे गणित सोपे आहे: खऱ्या वयातून फौजेतली सेवा वजा करायची, उरलेला आकडा कमाल वयोमर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त नको. वय ४१, सेवा १९, उरले २२. इतका साधा हिशेब माहीत नसल्याने ‘आपलं वय गेलं’ म्हणत अर्जच न भरणारे गावोगाव आहेत.

आणखी एक खाचखळगा, ज्यात हुशार उमेदवार जास्त पडतात. केंद्राच्या नियमानुसार सरकारी नागरी नोकरीत नियमित रुजू झाले की पुढच्या भरतीसाठी माजी सैनिकाचे आरक्षण संपते. पण रुजू होण्याआधीच इतर ठिकाणी अर्ज केले असतील आणि रुजू होताना त्या सर्व अर्जांची तारीखवार यादी नव्या कार्यालयाला स्वयंघोषणापत्राने दिली असेल, तर त्या अर्जांपुरता हक्क शाबूत राहतो. हे कार्मिक विभागाने ऑगस्ट २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. लोक घाईत मिळेल त्या शिपाईपदावर रुजू होतात, यादी देत नाहीत आणि वर्षभराने लागलेला क्लार्कचा निकाल हातचा जातो. कंत्राटी किंवा खासगी नोकरीने हा हक्क जात नाही, तेव्हा मधल्या काळात ती खुशाल करावी.

प्रशिक्षणाबद्दल थोडे कडू बोलावे लागेल. कोर्स निवडताना जवान बहुधा एकच गोष्ट बघतो: तो घराजवळ आहे का. अठरा वर्षे घरापासून लांब काढलेल्या माणसाला यात दोष देता येत नाही. युनिटही शेवटच्या वर्षात माणूस मोकळा करायला नाखूश असते. फील्डमध्ये असेल तर विचारूच नका. परिणाम असा की व्हेइकल मेकॅनिक कुठला तरी ‘मॅनेजमेंट’चा कोर्स करून सर्टिफिकेट फाइलला लावतो आणि गॅरेजमध्ये त्याला कोणी विचारत नाही.

याच मेकॅनिकचे उदाहरण घेऊ. गिअरबॉक्स उतरवणे, क्लच, ब्रेक, डिफरन्शियल यात त्याचा हात बसलेला असतो, आणि तो हात शहरातल्या नव्या पोरांकडे नसतो. पण फौजेतल्या बऱ्याच जुन्या ट्रकचे इंजिन मेकॅनिकल पंपाचे, आणि एप्रिल २०२० पासून रस्त्यावर येणारा प्रत्येक नवा ट्रक बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक निकषांचा. कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरने चालणारे इंधन इंजेक्शन, एक्झॉस्टमध्ये युरियाचे द्रावण सोडणारी यंत्रणा, डझनावारी सेन्सर. बिघाड ओळखून गाडी स्वतःच वेग कमी करून ‘लिम्प मोड’मध्ये गेली की पाना कामाचा नाही, आधी स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचावा लागतो आणि मग मल्टिमीटरने तो सेन्सर खराब आहे की वायरिंग, हे शोधावे लागते. कोड दिसला की सेन्सरच बदलून टाकणे ही नवख्याची खोड. निम्म्या वेळा दोष कनेक्टरमधल्या गंजाचा निघतो. या माणसाला सहा महिने पाना कसा धरायचा हे शिकवणे म्हणजे पैशाची आणि त्याच्या अब्रूची नासाडी. त्याला हवेत सहा ते आठ आठवडे: वायरिंग डायग्रॅम वाचणे, स्कॅनर, इंजेक्टर, एक्झॉस्टची यंत्रणा. आणि आधीच्या कौशल्याला आरपीएलमधून, म्हणजे शिकलेले काम तपासून मान्यता देणाऱ्या योजनेतून, प्रमाणपत्र.

बाकीच्या ट्रेडचेही असेच, फक्त अडणारा कागद वेगळा. ड्रायव्हरचा लष्करी परवाना युनिटच्या गाडीपुरता. नागरी परवाना, तोही ट्रान्सपोर्ट गाडीचा, शेवटच्या वर्षातच आरटीओतून काढून ठेवावा. फौजेत इंधनाचा टँकर चालवलेल्याने धोकादायक मालाच्या वाहतुकीचे तीन दिवसांचे प्रशिक्षण करून परवान्यावर नोंद करून घेतली तर तेल कंपन्यांच्या वाहतूकदारांकडे त्याला मागणी असते. इलेक्ट्रिशियनला तारतंत्री (वायरमनचा) परवाना लागतो, नुसत्या अनुभवावर कंत्राटदार घेत नाही. सिग्नलवाल्याने फायबर जोडणी आणि सीसीटीव्ही नेटवर्किंग घ्यावे. नर्सिंग असिस्टंटची स्थिती सर्वांत अन्यायाची: गोळी लागलेल्याला सांभाळलेला माणूस, पण नर्सिंग परिषदेची नोंदणी नाही म्हणून दवाखान्यात नर्सचे काम देता येत नाही. हा प्रश्न एकेकट्याने सुटणार नाही, तो सेनादलांच्या वैद्यकीय विभागाने आणि संबंधित परिषदांनी बसून सोडवायचा आहे. ड्रोनची सध्या लाट आहे. डीजीसीए या केंद्राच्या नागरी विमान वाहतूक नियामकाने मान्य केलेल्या संस्थेचे रिमोट पायलट प्रमाणपत्र काही दिवसांत मिळते, पण ते परवान्यासारखे आहे, नोकरीसारखे नाही. सर्व्हेचे किंवा शेतीफवारणीचे काम हाताशी असेल तरच त्यात पैसे घालावेत.

सिक्युरिटीला नाके मुरडण्याचे कारण नाही, पण तिथे शिरताना डोळे उघडे हवेत. खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत नवख्या रक्षकाला वर्गातले १०० तास आणि मैदानी ६० तास प्रशिक्षण आहे. माजी सैनिकाला फक्त ४० आणि १६ तास, किमान सात दिवसांत. सुपरवायझर नेमताना तीन वर्षे सेना-सेवा झालेल्याला प्राधान्य द्यावे असेही कायदा म्हणतो. तरीही सुभेदार दर्जाचा माणूस गेटवर रजिस्टर भरताना दिसतो, कारण त्याने सुपरवायझरपद मागितलेलेच नसते. डीजीआरच्या सुरक्षारक्षकांच्या दरपत्रकात आठ तासांची ड्यूटी गृहीत आहे, साप्ताहिक सुट्टीच्या बदली माणसासाठी एक-षष्ठांश रक्कम वेगळी धरलेली आहे. रक्षक नेमणारी आस्थापना एजन्सीला ते बिल देते आणि रक्षकाच्या खात्यात त्याहून बरेच कमी पडते, असे प्रकार होतात. नेमणूकपत्र, महिन्याची पगारपावती आणि पीएफचा यूएएन क्रमांक या तीन गोष्टी पहिल्या महिन्यात मागाव्यात. मूळ डिस्चार्ज बुक ‘जमा करा’ म्हणणाऱ्याकडे नोकरीच धरू नये.

अपंगत्व घेऊन परतणाऱ्यांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो, आणि यात पुण्याला मोठा वारसा आहे. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून जखमी सैनिकांना हातकाम शिकवत आली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ चे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकून आले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी पुढे पुण्यात टेल्कोत (आजची टाटा मोटर्स) नोकरी केली, ही आमच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची गोष्ट.

इथे चूक होते ती घाईची. पाय कापल्यानंतर पहिले वर्ष-दीड वर्ष उरलेल्या अवयवाची सूज ओसरत जाते, स्नायू आक्रसतात, आकार बदलतो. आज नीट बसलेला सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची उरलेल्या अवयवावर बसणारी वाटी, चार महिन्यांनी सैल होतो, कातडी सोलते. अशा काळात त्याला आठ तास उभे राहायच्या लेथवर शिकायला पाठवले तर तो कोर्स सोडतो आणि शेरा पडतो ‘इच्छाशक्ती नाही’. त्या वर्षात बसून करायचे शिक्षण द्यावे, कॉम्प्युटर, ड्रॉइंग, मोजमाप. सॉकेट स्थिरावल्यावर मशीन. तोफखान्यातल्या माणसाला आधी कानाची तपासणी, मगच कॉल सेंटरचा विचार. पाठीच्या कण्याची दुखापत असेल तर कामाच्या टेबलाखाली व्हीलचेअर शिरते का, संडासाचा दरवाजा किती रुंद आहे, हे मालकाला आधी विचारावे, कारण नोकरी बहुधा याच गोष्टींवर सुटते.

लष्करी मेडिकल बोर्डाने दिलेला टक्का दिव्यांग आरक्षणाला आपोआप चालत नाही. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातून यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड वेगळे काढावे लागते आणि तिथे किमान ४० टक्के लागतात. उलट ‘अपंग माजी सैनिक’ या केंद्राच्या व्याख्येत शत्रूविरुद्धच्या किंवा अशांत क्षेत्रातल्या कारवाईत आलेलेच अपंगत्व बसते. सुट्टीवर येताना झालेला अपघात नाही. दोन्ही दारे वेगळी आहेत, कागदही वेगळे. आणि खासगी नोकरी धरली तर अपंगत्व पेन्शन बंद होते ही अफवा कोणी तरी एकदाची गाडून टाकायला हवी.

हे सगळे जवानाला सांगणार कोण? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक अधिकारी, कल्याण संघटक आणि दोन-चार कर्मचारी. त्यांच्यावर शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, विधवांच्या पेन्शनची प्रकरणे यांचा ढीग. तिथे नोकरीसाठी नाव नोंदवलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. प्रत्येक जिल्ह्यात एक पूर्णवेळ रोजगार समुपदेशक द्यावा. त्याने सुट्टीवर आलेल्या, दोन वर्षे सेवा उरलेल्या जवानांना तालुक्याच्या ठिकाणी बोलावून कागद तपासावेत, आणि कोर्स केलेला माणूस सहा महिन्यांनी त्याच कामावर आहे का, याची नोंद ठेवावी. कोर्स देणाऱ्या संस्थेला सगळे पैसे पहिल्या दिवशी न देता काही भाग या नोंदीशी बांधला, तर निम्मे निरुपयोगी कोर्स आपोआप बंद पडतील.

घाई आहे ती अग्निवीरांमुळे, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेल्या जवानांमुळे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीस प्रशिक्षणाला गेली. चार वर्षांचा हिशेब २०२६ संपता संपता पुरा होतो. जास्तीत जास्त पाव जण कायम होणार. बाकीचे बावीस-पंचविशीचे, हातात सेवानिधीचे, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या एकरकमी निधीचे, सुमारे पावणेबारा लाख, पेन्शन नाही, आणि योजनेनुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे वर लिहिलेले आरक्षण, वयाचे गणित, पदवीची समकक्षता, यातले काहीच त्यांना लागू नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि आसाम रायफल्समध्ये त्यांना १० टक्के राखीव जागांची घोषणा २०२२ मध्ये झाली होती. राज्याने पोलीस शिपाई, वनरक्षक, कारागृह, अग्निशमन या प्रत्येक भरतीच्या जाहिरातीत अग्निवीराचा रकाना स्वतंत्र आणि स्पष्ट छापावा. त्यांच्या कौशल्य प्रमाणपत्राला आयटीआयच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश द्यावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांना ‘तुमचे नाव आमच्या यादीत बसत नाही’ असे सांगून या मुलांना परत पाठवू नका, असे लेखी कळवावे. पावणेबारा लाख एकदम खात्यात आले की दामदुप्पटवाले, प्लॉटवाले आणि भरतीचे दलाल दारात उभे राहतील, याची तयारी गावागावांत आताच हवी. त्यांच्या पालकांनी निदान एवढे करावे: पहिले सहा महिने ती रक्कम बँकेच्या मुदत ठेवीतून हलू देऊ नये.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. जिल्हा आवृत्तीत आठवड्यातून एकदा माजी सैनिक कोट्यातल्या चालू भरत्या, जागांची संख्या, कमाल वय आणि अर्जाची शेवटची तारीख एवढीच चौकट छापावी. घरी ती वाचणारी बायको किंवा वडील सीमेवरच्या माणसाला फोटो काढून पाठवतील.

आपले,
माजी सैनिक पुनर्वसनाच्या कामातील काही कार्यकर्ते, सातारा